कुळथाच्या पिठीतली चौदा पत्रं

मोबाईल असताना पत्रं कशाला लिहायची, असं माझी लेक विचारते. तिला म्हटलं, तुझ्या आजोळी फोन आला की तो स्पीकरवर लावायची पद्धत होती, म्हणून.

खरंच होती. साखरपुड्यानंतर अकराव्या दिवशी तिचा बाप मालवाहू बोटीवर चढला, सहा महिन्यांसाठी. त्याचं घर राजापूरला, आमचं रत्नागिरीत बंदराला लागून. बोट कुठे किनाऱ्याला लागली, रेंज आली की तो फोन करायचा. लगेच आई, काकू आणि शेजारची मावशी फोनभोवती गोळा. "जेवलात का?" "जेवलो." "हवा कशी आहे?" "बरी आहे." झालं आमचं प्रेम. मी त्याला सगळ्यांसमोर अहो-जाहो करायची आणि तो मेला तिकडे गालातल्या गालात हसायचा. मला बरोबर कळायचं.

माघात तो म्हणाला, कंपनी आणखी चार महिने थांब म्हणतेय. थांबलो तर बढती, पण मग वैशाखातलं लग्न दिवाळीनंतरच. "तुम्ही काय म्हणता?" त्यानं विचारलं. तिन्ही बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी शहाण्यासारखी म्हणाले, "बढती मिळत असेल तर थांबा की." फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले.

पत्रं मी तो गेल्यापासूनच लिहीत होते. बोटीवर काही पोस्टमन जात नाही. आमच्याकडे त्या बोटीवर चढायला कोणी निघालं की त्याच्या बॅगेतून घरचं सामान धाडतात. त्याच्या वाडीतला एकजण शिमगा आटपून निघणार होता आणि सामान भरणार होत्या माझ्या होणाऱ्या सासूबाई. त्यात आमच्या घरूनही एक डबा जायचा होता. मी चौदाही पत्रं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून त्या डब्याच्या तळाशी ठेवली आणि वर कुळथाची पिठी दाबून भरली. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, मी फोनवर खोटं बोलले. थांबू नकोस. बढती गेली खड्ड्यात, मला तू हवायस आणि वैशाखातच हवायस. कंपनीच्या कागदावर त्याची सही व्हायच्या आत हे त्याच्या हातात पडायला हवं होतं. बाबा एसटीनं जाऊन डबा राजापूरला देऊन आले.

आता बघा माझी अक्कल. कोकणातली बाई दुसऱ्या घरची पिठी न चाळता आपल्या लेकाला पाठवील, असं मी धरून चालले. माती खाल्ली मी.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन. नशीब, घरात मी एकटीच होते.

"पिठी चाळायला घेतली," त्या म्हणाल्या. "बारीक दळल्येय. चांगली आहे." मग म्हणाल्या, "पत्रं वाचली मी. चौदाच्या चौदा. वाचायला नको होती, पण वाचली."

एका पत्रात मी लिहिलं होतं, तुझी आई माझ्याकडे बघते ती बाजारात सुरमईचे कल्ले उघडून बघावेत तशी.

"तशीच बघत्ये मी," त्या म्हणाल्या. "मासळी बघून घेतो, मग सून बघून नको घ्यायला?"

मला हसावं की रडावं कळेना. मी कशीबशी म्हणाले, "आई, ती फाडून टाका. मी काही लिहिलंच नाही असं समजा."

"फाडू कशाला गो? आता सुक्या कोलंबीच्या, सोड्यांच्या पुडीत घालत्ये. त्या वासात कोण हात घालत नाही." आणि फोन ठेवलासुद्धा.

तीन आठवडे काही कळलं नाही. एका सकाळी पोहे खाताना त्याचा फोन आला. पुन्हा स्पीकर, पुन्हा सगळी मंडळी. "सगळे आहात ना? मग ऐका. मी थांबत नाही. वैशाखात येतोय. ती ये म्हणाली." आई माझ्याकडे वळली. "अगो, तू कधी सांगितलंस?" मी पोह्यांत मान घातली. इतका आनंद मला त्यानंतर फक्त लेक झाली तेव्हा झाला.

लग्न वैशाखातच झालं. फक्त सासरे आले नाहीत. तेही बोटीवरच, आणि त्यांनी मुदत वाढवून घेतली होती. आमच्यात देवकाला आईबापांनी जोडीनं बसायचं असतं. सासूबाई एकट्या कशा बसणार? त्यांच्या जागी त्यांचे धाकटे दीर-जाऊ बसले. स्वतःच्या एकुलत्या एक मुलाचं देवक, आणि त्या सगळा वेळ चुलीपाशी वडे तळत होत्या. हे मला नवऱ्यानं नंतर सांगितलं.

लग्नाला पंधरा दिवस झाले असतील. दुपारी तो बाजारात गेला होता. सासूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. हातात वहीचा कागद आणि पेन.

"ह्यांच्या बोटीवर माणूस जायचाय," त्या म्हणाल्या. "एक पत्र लिहून दे."

"तुम्हाला लिहिता येतं की, आई."

"येतं. पण तू त्याला लिहिलंस ना, तसलं येत नाही. तीस वर्षं विचारतात, थांबू का म्हणून, आणि तीस वर्षं मी थांबा म्हणत्ये."

मी कागद मांडीवर घेतला. सुरुवात काय करू, विचारलं. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

"लिही," त्या म्हणाल्या, "पोराच्या देवकाला मी बसले नाही."

मी लिहिलं. मला पुढची ओळ दिसेना, डोळे इतके भरले होते. त्यांचे मात्र कोरडे होते.

"आणि लिही, आता घरी या. मला तुमच्याशिवाय करमत नाही."