विचारून घेणाऱ्या ताई

डॉ. सुमनताई तायडे यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो त्यांना जाब विचारायला. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात माझ्या लेखाची सुरुवात याच कबुलीने व्हायला हवी.

धुळ्यातल्या एका सभेत मी रुग्णांच्या हक्कांवर बोललो होतो. गरिबाला न विचारता त्याच्या देहाचा उपयोग करणे हा अन्याय आहे, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. पण त्या दिवशी बोलण्याच्या भरात, काहीही खातरजमा न करता, जळगावच्या प्रयोगशाळेत गरिबांची आतडी वाढवतात, असेही मी म्हणून गेलो. सभा संपल्यावर अमळनेरकडचे रामदास आबा माझ्यापाशी आले. तेलाच्या कारखान्यात उभा जन्म काढलेले हे गृहस्थ मोठ्या आतड्यातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर धुळ्याला लेकीकडे विश्रांतीला आले होते. त्यांच्या आतड्याचा एक तुकडा त्याच प्रयोगशाळेत दिलेला होता. संमतीच्या कागदावर सही त्यांचीच होती. माझे भाषण ऐकून मात्र ते घाबरले होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन एसटीने जळगाव गाठले.

मेहरूणजवळची ती प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. ताईंनी आबांना आधी खुर्ची दिली, टाके कसे आहेत ते विचारले. मी आवाज चढवला, तो त्यांनी चढू दिला. माझे संपल्यावर त्या बोलल्या त्या आबांशी. गाठीपासून दूरचा, निरोगी भाग त्यांनी घेतला होता. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी वेगळ्या करून अंगाच्या उबेइतक्या उबेत वाढवायच्या, आणि एखादे नवे औषध त्या अस्तराला इजा करते का, हे माणसाला देण्याआधी त्या पेशींवर पाहायचे, एवढे त्यांचे काम. मग त्यांनी आबांना सूक्ष्मदर्शकाशी बसवले.

"ह्या मन्ह्या शेतस? जित्त्या?" आबांनी विचारले.

"तुमच्याच, आबा. पण फार दिवस राहायच्या नाहीत. फार तर महिनाभर."

आबा बराच वेळ डोळा लावून बसले. मग म्हणाले, "ह्या आठे एकल्या मरतीन. माले हाई बरं वाटत नही, ताई. नको." आपल्या पेशी तिथे एकट्या मरणार, हे त्यांना सहन होत नव्हते.

ताईंची सहकारी वंदना काही बोलू पाहत होती. ताईंनी तिला हातानेच थांबवले. पेशींची चपटी बाटली त्यांनी स्वतः आणली आणि आबांच्या देखत तिच्यात जंतुनाशक ओतले. आतला गुलाबी द्रव बघता बघता फिका पडला. वहीत 'दात्याच्या इच्छेने नष्ट' असे लिहून त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि पुढची तपासणी चुकवू नका, असे आबांना दोनदा बजावले.

निघताना वंदनाने मला दारात गाठले. आतड्याचा तुकडा कितीही धुतला तरी त्यातले जंतू बाटलीत माजतात, नाहीतर पेशी तग धरत नाहीत. दोन वर्षे त्यांचा एकेक तुकडा असाच वाया गेला होता. आबांच्या पेशींनीच पहिल्यांदा तग धरला होता, आणि त्या दिवशी दुपारी त्यांच्यावर चाचणी सुरू व्हायची होती. "तुम्ही रागावून आला होतात ना भाऊ," ती म्हणाली, "आता कोणावर रागावणार?"

पुढच्या सभेत मी माझी चूक व्यासपीठावरून सांगितली. संमती संमती म्हणून मी वर्षानुवर्षे ओरडत आलो. तिचा अर्थ मला त्या दोन खोल्यांत कळला. कागदावर सही घेणे सोपे आहे. आपले सारे कष्ट पणाला लागलेले असताना तेलाच्या कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या कामगाराचा नकार तितक्याच आदराने ऐकणे, याला विचारणे म्हणतात. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी मानवसेवेच्या गोष्टी आम्हाला सांगू नयेत.

काही महिन्यांनी आबा तपासणीला आले, ते इस्पितळाच्या वॉर्डातल्या दोघा रुग्णांना घेऊन थेट ताईंच्या दारात. त्या दोघांना म्हणाले, "हाई बाई इचारीसनी लेस. नको म्हना, ते राहू देस." त्यांतल्या एकाच्या पेशींनी तग धरला, आणि ताईंची अडलेली चाचणी पार पडली.

आबांचे ते 'एकल्या मरतीन' ताईंच्या मनातून मात्र गेले नाही. तेव्हापासून कोणाच्याही पेशी संपल्या की त्या स्वतः त्या माणसाला फोन करतात, पेशींचे सांगतात आणि मग प्रकृतीची चौकशी करतात. यावलच्या केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईलाही हा फोन जातो आणि वकिलालाही.

गेल्या वर्षी माझ्याच आतड्यावर शस्त्रक्रिया झाली. संमतीचा अर्ज घेऊन ताई आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, नको असेल तर आत्ताच सांगा. सभेत नका सांगू." मी हसत सही केली. पाचव्या आठवड्यात फोन आला. "भाऊ, तुमच्या पेशी काल संपल्या. मी शेजारीच होते. तुम्ही जेवताय ना नीट?"

ताई, तुम्हाला निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. खानदेशातल्या अजून कितीतरी माणसांना तो फोन तुमच्याच आवाजात यायचा आहे.