खुर्चीवर कुणीच बसलं नव्हतं

सुतारकामाच्या कारखान्यात दोन गोष्टी झाडून संपत नाहीत. एक भुसा आणि दुसरे किस्से. सकाळी झाडू मारा, संध्याकाळी दोन्ही पुन्हा घोट्यापर्यंत. भुसा वीटभट्टीवाला घेऊन जातो. किस्से कुणी घेत नाही, म्हणून कुणी चहाला बसलं की मी सुरू होतो. आता तुम्ही सापडलात.

आमचा कारखाना सोनगीरजवळ, हायवेला लागून. पूर्वी तिथं कापसाचं गोडाऊन होतं. मालकीण माझी आतेबहीण, रेवती. मी तिला ताई म्हणतो, म्हणून सगळेच ताई म्हणतात. डिझाइन शिकली अहमदाबादला, मग मुंबईत मोठ्या लोकांची घरं सजवायची. तिथली भरल्या ताटाची नोकरी सोडून एक दिवस धुळ्याला माझ्या दुकानात आली. मी तेव्हा ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट विकत होतो.

"किशोर, हे सोड. आपण खुर्च्या बनवू."

"कुणासाठी?"

"ज्यांच्या घरी आधीच खुर्च्या आहेत त्यांच्यासाठी."

लक्झरी म्हणजे काय, ते मला तिथंच कळलं. दुसऱ्या महिन्यात मी दुकान सोडलं. सगळे म्हणाले, किशोरचं डोकं फिरलं. माझं नव्हतं फिरलं. तिचं फिरलं होतं, मी फक्त मागं बसलो होतो.

*

ताईचे वडील म्हणजे आमचे नाना. रावेरकडचे केळीवाले. उद्घाटनाला आले, सगळा कारखाना फिरून बघितला आणि चार पाहुण्यांच्या देखत म्हणाले, "लोक पोरीच्या लग्नात फर्निचर देतात. माझ्या पोरीनं फर्निचरशीच लग्न केलं."

सगळे हसले. ताई पण हसली, पण मी तिला लहानपणापासून ओळखतो. तिला लागलं होतं.

ती म्हणाली, "मग आहेर करा ना, नाना. केळीची खोडं द्या."

आता खोड म्हणजे काय? घड कापला की खोड बांधावर फेकायचं, नाहीतर शेतातच कुजवायचं. तिला त्यातून धागा काढायचा होता. शिरपूरकडचा कापूस आणि नानांच्या केळीचा धागा, दोन्ही मिळून खुर्चीच्या गादीचं कापड.

नाना म्हणाले, "आहेरात कचरा मागणारी नवरी पहिल्यांदा पाहिली." पण दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर भरून खोडं पाठवली. वर एक केळीचा घड होता, पिकलेला. घड दुपारपर्यंत संपला.

*

कापड विणायला धुळ्याचे सलीमभाई. त्यांच्या घरात तीन पिढ्यांचं मागाचं काम. केळीचा धागा लांब निघत नाही, तुकड्याला तुकडा बांधून लांब करावा लागतो. त्यामुळे कापडभर बारीक बारीक गाठी येतात. ताईला त्या गाठीच हव्या होत्या. हाताचं काम आहे हे गाठीवरून कळतं, असं तिचं म्हणणं.

कापडाचा पहिला तागा आला. हात फिरवला, तर आरशासारखा गुळगुळीत. एक गाठ नाही.

"सलीमभाई, गाठी कुठं गेल्या?"

सलीमभाई छाती फुगवून म्हणाले, "ताई, आपने बोला नहीं था, फिर भी निकलवा दी. सगळ्या घरच्या बायका बसवल्या होत्या. आपल्याकडून खराब माल जाणार नाही."

ताईनं डोकं धरलं. मग शांतपणे सांगितलं, की भाई, गाठी परत हव्यात. सलीमभाईंना वाटलं, बाई रागावून टोमणा मारतेय. शेवटी मी शपथ घेऊन सांगितलं तेव्हा पटलं.

आठवड्यानं त्यांचा फोन. "किशोरभाई, ताईला सांगा, गाठीवाला माल तयार आहे. पण रात्री झाकून आणू का? मोहल्ल्यात कुणी बघितलं तर माझी इज्जत जाईल."

*

आता मुख्य गोष्ट. आमचे मोठे मिस्त्री म्हणजे आबा. सोनगीरचेच. त्यांच्या हातचा सांधा असा, की नखाला लागत नाही. मुंबईच्या एका हॉटेलाची ऑर्डर आली होती, जेवणाच्या हॉलसाठी खुर्च्या. कारखाना सुरू झाल्यापासूनची पहिली मोठी ऑर्डर. ताईनं नमुन्याची खुर्ची मुंबईत करून घेतली होती. हॉटेलच्या मॅडमना ती आवडली, आणि तशाच बाकीच्या आबांनी करायच्या ठरल्या.

केल्या. पॉलिश केल्या. कागदात गुंडाळून ट्रकमध्ये चढवल्या. आम्ही नारळ फोडला. पंधरवड्यात ट्रक परत, खुर्च्यांसकट. मॅडमचा निरोप एवढाच, की दिसायला फार सुंदर आहेत, पण माणूस सूप पिऊन होण्याआधी उठून उभा राहतो.

ताईनं अंगणातच एकीचा कागद फाडला आणि बसली. थोडा वेळ बसली आणि कंबर धरून उठली. मग नमुन्याची खुर्ची शेजारी आणून ठेवली. नमुन्याची पाठ जरा मागं कललेली होती. आमच्या सगळ्या खुर्च्यांची पाठ ताठ, कवायतीतल्या शिपायासारखी.

"आबा, पाठ सरळ का केली?"

"तिरपी होती," आबा म्हणाले. "मुंबईवाल्यानं घाई केली असेल. मी गुण्या लावून काटकोनात आणली."

"बरं. मग ह्यावर बसून कुणी पाहिलं?"

सुतारांनी पॉलिशवाल्यांकडं पाहिलं, पॉलिशवाल्यांनी शिलाईवाल्या बायकांकडं. मी आकाशाकडं.

"एवढ्या खुर्च्या बनवल्या आणि एकीवरही कुणीच बसलं नाही?"

आबांना राग आला. त्यांना हा प्रश्नच वाईट वाटला. "बसू कसं? गिऱ्हाइकाच्या आधी आपण बसलो तर वस्तू उष्टी होते. माझ्या बापानं मामलेदाराचा पलंग केला, त्यावर कधी हात टेकून उभा नाही राहिला. देवाचा नैवेद्य कुणी आधी चाखून बघतं का?"

आमच्यातल्या प्रत्येकाला घरून तेच शिकवलेलं. ताईलाही. म्हणून तर तीही बसली नव्हती.

तिनं सगळ्यांना गोळा केलं आणि सरळ सांगितलं. "मॅडम उन्हाळ्यात आणखी एकदाच बघायला येणार आहेत. नाही म्हणाल्या तर दिवाळीला शटर खाली. मी मुंबईला परत जाईन, तुम्ही तुमची सोय बघा. पण मला जायचं नाहीये. मला हा कारखाना इथंच चालवायचाय. म्हणून उद्यापासून सगळ्यांनी जेवण खुर्चीवर करायचं."

*

त्या पहिल्या दिवसाचं जेवण बघायला तुम्ही हवे होतात. सगळे खुर्चीच्या कडेवर टेकलेले, मुलगी बघायला आल्यासारखे. डबा मांडीवर, गुडघे जुळलेले. कळण्याची भाकरी तुटत नव्हती कुणाला. शिलाईच्या प्रमुख सुनंदाक्का. त्यांनी खुर्चीवर आधी ओढणी अंथरली, तिच्यावर प्लास्टिक आणि मग टेकल्या.

"अक्का, प्लास्टिक कशाला?"

"ठेच्याचं तेल सांडलं तर?"

"सांडू द्या," ताई म्हणाली. "हॉटेलात लोक काय तीर्थ पिणार आहेत?"

आबा मात्र नेहमीच्या जागी, कोपऱ्यातल्या गोणपाटावर. ताई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. त्यांनी मानही वर केली नाही. "माले नको सांगू, ताई. तू सांगशील तशी पाठ कलती करतो. पण हाई खुर्ची मनी नही शे." म्हणजे अहिराणीत, ही खुर्ची माझी नाही.

ताई म्हणाली, "नका बसू." आणि स्वतः डबा घेऊन त्यांच्या गोणपाटावर जाऊन बसली. रोज. आबांना अवघडल्यासारखं व्हायचं, पण गोणपाट कारखान्याचं होतं, ऊठ म्हणता येईना.

*

मधेच धुळ्याचे एक व्यापारी आले, बायकोसोबत. बंगला नवा, सोफा हवा होता. आमच्याकडचा आवडला.

"फक्त एक करा," शेठ म्हणाले. "वरून जाड प्लास्टिक चढवून द्या. पाहुणे आले तर काढू."

"प्लास्टिक लावून मिळणार नाही," ताई म्हणाली.

"मग आम्ही लावू."

"मग सोफाच मिळणार नाही."

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. त्या महिन्यात दारात आलेलं ते एकमेव गिऱ्हाईक! तिनं पाय काढून घेतला आणि म्हणाली, "शेठ, बसायचं नसेल तर फोटो काढून न्या, तो फुकट आहे."

शेठ उठले. शेठाणी मात्र उठल्या नाहीत. सोफ्याच्या कापडावर, त्या गाठींवरून हात फिरवत म्हणाल्या, "अहो, तुम्ही गाडीत बसा. लग्न झाल्यापासून मी प्लास्टिकवरच बसतेय. हा मी घेणार."

सोफा गेला. शेठ अजून ताईशी बोलत नाहीत. शेठाणी दर रविवारी फोन करतात.

*

माणसाला सवय लागायला वेळ लागत नाही. होळीपर्यंत सुनंदाक्कांचं प्लास्टिक गेलं, ओढणी गेली, आणि तक्रारी सुरू झाल्या. हा हात कोपराला लागतो. ह्या गादीत मी आत जाते, मला उठवायला माणूस लागतो. पॉलिशवाले म्हणायला लागले, आमच्या उंचीची करा. ताई खूश. ती म्हणायची, जेवढ्या शिव्या इथं खाऊ तेवढ्या मुंबईत कमी पडतील.

आबा बसत नव्हते, पण ऐकत होते. अक्का बोलल्या, की दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीच्या हातावर रंधा फिरलेला असायचा. मग त्यांनी नवीनच सुरू केलं. जेवणाच्या वेळी गोणपाट सोडून सगळ्यांच्या मागून हळूहळू फिरायचे आणि पाठी बघायचे. कुणाची पाठ कुठं टेकते, कुठं पोकळी राहते. पेन्सिल कानाला आणि नजर पाठीवर.

एक दिवस अक्कांनी भाकरी खाली ठेवली. "आबा, महिना झाला तुम्ही माझ्या पाठीकडं बघताय. घरी वहिनींना सांगू का?"

आबा लाल झाले. सगळा कारखाना हसला. आबांच्या कानावरची पेन्सिल पडली, ती उचलायच्या निमित्तानं ते जे गेले ते चहापर्यंत आलेच नाहीत. पण त्या दिवसापासून पाठीचा बाक असा बसला, की अक्का जेवून उठायचं नाव घेईनात. नाना एकदा रावेरहून आले, ताईला म्हणाले, बंद कर हे, घरी चल. बोलता बोलता एका खुर्चीवर टेकले. पुढचं वाक्य बोललेच नाहीत. डोळे मिटले आणि चहा आला तेव्हा उघडले. चहा पिऊन म्हणाले, "बघ बाई, तुझं तू."

ताई त्या दिवशी दिवसभर गुणगुणत होती. पण माझ्याजवळ म्हणाली, "आबा बसले पाहिजेत रे. ज्यानं बनवली त्यालाच ती परकी वाटते, तर ती चांगली झाली असं मी कुणाला कोणत्या तोंडानं सांगू?"

*

मॅडम यायच्या होत्या मंगळवारी. आल्या सोमवारी, भर दुपारी, न सांगता. मे महिना. लाइट गेलेली, मशिनं बंद, हायवेवर कुत्रंसुद्धा नाही. खुर्च्या ओळीनं लावलेल्या नव्हत्या, पुसलेल्या नव्हत्या. जेवणं होऊन बायका बाहेर निंबाखाली गेल्या होत्या. ताई मॅडमना घेऊन आत आली, मी मागं पाण्याची बाटली घेऊन.

आत सगळ्या खुर्च्या रिकाम्या. एक सोडून.

खिडकीजवळच्या खुर्चीत आबा झोपले होते. डोकं मागं टेकलेलं, टोपी नाकावर, एक हात खुर्चीच्या हातावरून खाली सोडलेला. घोरत होते. कोपऱ्यात गोणपाट घडी करून भिंतीला उभं ठेवलेलं.

मी पुढं झालो उठवायला. ताईनं माझा दंड धरला. इतका घट्ट, की नंतर वळ दिसत होते. तिच्याकडं पाहिलं, तर डोळे भरलेले.

मॅडम पुढं झाल्या. आबांच्या शेजारची खुर्ची हलकेच ओढली आणि बसल्या. पाठ टेकली. पर्स खाली ठेवली. थोड्या वेळानं चप्पलही काढली. आम्ही दोघं उभेच. आबांचं घोरणं चालू, बाहेरून अक्कांचं हसणं येत होतं. मॅडम बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

मग दबक्या आवाजात म्हणाल्या, "अशाच हव्यात. सगळ्या हॉलसाठी. लगेच कामाला लागा." आणि आबांकडं बोट दाखवलं. "हे उठले की ही खुर्ची माझ्या गाडीत ठेवा. मी आजच घेऊन जाते, सगळ्यांना दाखवायला."

"दुसरी कुठलीही घ्या," ताई म्हणाली. "ही नाही मिळणार."

"का?"

ताईनं पदरानं डोळे पुसले.

"उष्टी झाली."