एका मिनिटाची शांतता

मॅडमचे दोन-तीन विद्यार्थी भेटले की किस्से निघतात, आणि तिसऱ्या किश्श्यापर्यंत सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येतात. मॅडम म्हणजे आम्हाला फिल्म करायला शिकवणाऱ्या आमच्या शिक्षिका; स्वतःही फिल्म करायच्या. पाठीशी निर्माता नाही, स्टुडिओ नाही. पगारातून कॅमेरा भाड्याने आणायचा आणि सुट्टीत शूटिंग करायचं!

*

शूटिंगच्या घरात शिरल्या की मॅडम आधी पंखा आणि फ्रिज बंद करत, कारण त्यांची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. मग स्वतःच्या स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवत. निघताना किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागतो, म्हणजे तो परत सुरू करायचं राहत नाही.

शनिवार पेठेतल्या एका आजोबांनी हे शांतपणे पाहिलं. म्हणाले, "किल्ली ठेवा. स्कूटर मात्र मावणार नाही."

*

शूटिंग संपलं की सगळ्यांनी एक मिनिट गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. एडिटिंगमध्ये ती दृश्याखाली लागते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, असं मॅडम म्हणत. मला ते मिनिट वाया गेल्यासारखं वाटे. फिल्मनं ओरडायला हवं, असं माझं मत होतं.

वाघोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये मॅडम धरून आम्ही चौघं होतो. मिनिट संपल्यावर मॅडमनी हेडफोन काढले. "पाच जण श्वास घेतायत."

आम्ही एकमेकांना मोजलं. चारच.

तेवढ्यात घरमालकीणबाई चहा घेऊन आत आल्या. ट्रेमध्ये पाच कप. पाचवा त्यांचा असणार म्हणून मी तो पुढे केला.

"मी चहा घेत नाही," त्या म्हणाल्या.

*

मॅडम सात वर्षं एकच फिल्म करत होत्या, खडकीच्या लीलाकाकूंवर. काकू दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेल्या, बैठ्या चाळीतल्या एका खोलीत एकट्या राहायच्या. तिथला पंखा दर फेरीला 'टक' वाजायचा. पहिल्याच दिवशी मी बटणाकडे हात नेला, तर काकू म्हणाल्या, "मी आहे तोवर तो बंद व्हायचा नाही."

पहिल्यांदाच मॅडमनी माघार घेतली. सात वर्षांच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये ती टकटक आहे.

*

काकू गेल्या. शेवटचा शॉट त्यांच्या रिकाम्या खोलीचा होता. पंखा आता बंद होता. शांतता रेकॉर्ड करायचं काम मॅडमनी माझ्यावर सोपवलं. मला एका मोर्चाला पोचायचं होतं. मी रेकॉर्डिंग न करताच निघाले आणि "घेतली" म्हणून सांगितलं.

महिन्याभरात चाळ पाडली.

एडिटिंगला बसल्यावर माझं खोटं उघडं पडलं. त्या शॉटखाली काहीच नव्हतं, आणि तो नुसता फोटो वाटत होता. सात वर्षांची फिल्म तिथे अडली. दुसऱ्या कुठल्याही खोलीची शांतता लावू, कुणाला कळणार, असं मी म्हटलं.

"काकूंना," मॅडम म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मला खडकीला घेऊन गेल्या. चाळीच्या जागी मोकळं मैदान होतं. भिंत नाही, विजेचा खांबसुद्धा नाही. काकूंची खोली जिथे होती, तिथे मॅडमनी माइक उभा केला आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवले.

अर्धं मिनिट वारा होता. मग वारा पडला.

टक. टक. टक.

सवयीनं मी वळले आणि बटणासाठी हात वर केला. समोर नुसतं मैदान होतं.

मॅडमनी माझा हात हळूच खाली घेतला.

"राहू दे चालू," त्या म्हणाल्या.