चपळ गांडुळं

आमच्या प्रयोगशाळेतल्या गांडूळमास्तरला कणा नाही, हा विनोद इतका शिळा झाला होता की नवीन माणूस आला की तो स्वतःच ऐकवायचा. मी शेजारच्या टेबलावर बसायचो. मला त्याचा राग यायचा, कारण गांडुळांतलं सगळं त्याला कळायचं आणि साहेब समोर आले की त्यातलं काहीच आठवायचं नाही.

आमची कंपनी यंत्रांची तेलं बनवायची. तेल जमिनीवर सांडलं तर काय होतं, हे बघायला मास्तर बरणीतल्या मातीत तेल कालवायचा आणि वर गांडुळं सोडायचा. माती मानवली की ती मुकाट खाली शिरतात, नाही मानवली की काचेवर चढतात. नव्या तेलाच्या वेळी सगळीच्या सगळी वर चढून झाकणाला चिकटली. साहेब पाहणीला आले आणि खूश झाले. किती चपळ झालीत हो, म्हणाले. मास्तरनं तोंड उघडलं, मिटलं आणि मान डोलावली. तेलामुळे गांडुळांची चपळता वाढते, असं अहवालात छापून आलं. खाली मास्तरची सही होती.

मग कारखान्यामागे साठलेल्या तेलकट मातीचं काय करायचं, हा प्रश्नच उरला नाही. ती कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत दारोदार भेट म्हणून वाटायचं ठरलं. साहेबांनी स्वतः घेतली नाही. त्यांच्या गुलाबांना म्हणे जुनीच माती सोसते.

मास्तरच्या बायकोचा अंगणात भाजीचा वाफा होता. लग्न होऊन आली तेव्हा तिथे नुसता मुरूम होता. टोपल्या वाहून वाहून तिनं तो वाफा केला होता. त्यात कुणी चपला घालून पाऊल टाकलेलं तिला खपायचं नाही. मातीची गाडी दारात आली तेव्हा तिनं नवऱ्याला सरळ विचारलं, "घालू का ही? तुम्ही हो म्हणालात तरच घालते."

कुंपणापलीकडे साहेब गुलाबांना पाणी देत होते. मास्तर म्हणाला, "घाल की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला कामावर न्यायला गेलो तर गांडुळं पायरीवर, उंबऱ्यावर, न्हाणीच्या भिंतीवर. बरीचशी कुंपणाखालून साहेबांच्या गुलाबांकडे निघाली होती. साहेब पलीकडून कौतुकानं बघत होते.

"अहो, ही अशी का पळतायत?" बायकोनं विचारलं. त्यामागचं कारण तिला केव्हाच कळलं होतं. तिला ते त्याच्या तोंडून हवं होतं.

मास्तरनं तिच्याकडे पाहिलं, मग कुंपणाकडे पाहिलं. "पळत नाहीत," तो पुटपुटला. "चपळ झालीत."

ती आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. पिशवी भरून ती बाहेर आली, पायात चपला घातल्या आणि आपल्याच वाफ्यातून सरळ तुडवत फाटकापर्यंत गेली.

"अगं, कुठे निघालीस?"

"माहेरी," ती म्हणाली. "मीपण चपळ झालेय."