नारूची पाहणी

तो साहेब वाईट नव्हता, असं माझे यजमान शेवटपर्यंत म्हणत. मला त्याच्या चांगुलपणाचाच राग आहे, आणि नातवंडं झाली तरी तो राग गेला नाही.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. यजमान नळदुर्गला सरकारी शाळेत मास्तर होते. आसपासच्या गावांत नारूचा फार उपद्रव. पाण्यातून पोटात गेलेला हा किडा वर्षभरानं पायाला फोड आणून सुतासारखा बाहेर यायचा. काडीला गुंडाळत तो रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय सुजायचा, पू व्हायचा आणि माणूस ऐन पेरणीत अंथरुणावर पडायचा. एका उन्हाळ्यात आरोग्य खात्याचा हा साहेब त्याची पाहणी करायला आला. उर्दूत छापलेल्या प्रश्नांचे गठ्ठे त्याच्याजवळ होते. लोकांना काय ठाऊक आहे आणि ते कसे वागतात, हे त्याला घरोघर विचारून लिहून न्यायचं होतं.

पण बायका त्याच्यासमोर तोंड उघडेनात. माझे वडील तहसिलीत कारकून होते, त्यांनी मला घरी उर्दू शिकवलं होतं. आजोळ कानडी मुलखातलं, त्यामुळं कानडीही येत होतं. म्हणून साहेबानं यजमानांना विचारलं, यजमानांनी मला. मी आनंदानं गेले, हे कबूल करते. बैलगाडीत बसून सरकारी कामाला निघाले म्हणून मला दिवसभर स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

गाव तीन कोसांवर होतं. तिथं पिण्याचं पाणी एकाच ठिकाणी, पायऱ्यांच्या जुन्या बारवेत. उन्हाळ्यात पाणी तळाला जाई. बायका पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहत आणि घागर भरत. रहाट असलेला आड पाटलाच्या आवारात होता. तिथं गावाला मज्जाव होता. आणि गावकुसाबाहेरच्यांना तर बारवेवरही येऊ देत नसत. ते ओढ्यात झरे उकरत.

मेंढरं राखणारी एक विधवा बाई होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. उजव्या घोट्याला चिंधी बांधलेली, चिंधीत काडी, काडीला गुंडाळलेला नारू. मी प्रश्न वाचला, "नारू कशानं होतो? देवाच्या कोपानं, वाऱ्यानं, पाण्यानं, की ठाऊक नाही?"

"पाण्यानं. तुमच्या कागदाला ठावं न्हाय व्हय?"

"पाणी गाळून पिता का?"

"घरी गाळतीया. रानात मेंढरामागं तहान लागली, तर फडकं कुठनं आणू?"

"पायाला नारू असताना पाण्यात उतरता का?"

तिनं शेजारची घागर ओढली. मग लंगडत उठली. म्हणाली, "चला मास्तरीणबाई. सायबालाबी घ्या."

ती आम्हांला बारवेवर घेऊन गेली. साहेब वरच्या पायरीवर उभा राहिला. बाईनं घागर त्याच्यापुढं ठेवली. "सायेब, पाय न भिजवता भरून दावा. म्या शिकती."

बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. मी ते उर्दूत सांगितलं. साहेब रागावला नाही, उलट हसला. म्हणाला, बाई हुशार आहे. मग मला म्हणाला, "लिखिए, जानती है, मानती नहीं." कागदावर शेवटी तशीच दोन घरं होती. माहिती आहे, आचरण नाही. मी तसंच लिहिलं. माझ्याच अक्षरात.

परतताना गाडीत मी विचारलं, "पण पाण्यात उतरल्याशिवाय पाणी मिळतच नाही, ते कुठं लिहायचं?"

"त्याचं खातं वेगळं आहे, बहेन," तो अगदी गोड आवाजात म्हणाला. "आपण फक्त लोकांचं बघायचं." मग त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. नारूवाल्याचा पाय पाण्यात पडला की फोडातून किड्याची बारीक पिल्लं पाण्यात सुटतात आणि तेच पाणी दुसरा पितो. इतकी मोलाची गोष्ट त्याला ठाऊक होती, आणि दिवसभरात त्यानं ती गावात एकालाही सांगितली नव्हती. कागद विचारण्यासाठी होता ना!

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा आला. माहिती किती वाढली ते मोजायला. मधल्या काळात सरकारनं बारवेवर एक पाटी ठोकली होती, पाणी गाळून प्या, उर्दूत. गावात ती वाचू शकणारा एकही माणूस नव्हता. मेंढरांची बाई ओट्यावर बसली होती. मागच्या वर्षी आम्ही परतल्यावर तिचा नारू तुटला होता. पाय गुडघ्यात आखडला तो सरळ होईना. मेंढरं दिराकडं गेली.

मी तिच्यासमोर कागद धरला. तोच प्रश्न, पाण्यात उतरता का?

"आता कशी उतरू?" ती म्हणाली. "आता तुमचा कागद खूश हुईल बगा."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. त्या दिवशी भरलेल्या प्रत्येक कागदाच्या खाली, शेऱ्याच्या जागेत, मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'उतरल्याशिवाय पाणी मिळत नाही.' एकही कागद सोडला नाही.

दुपारी लिंबाखाली साहेबानं कागद चाळले. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "बहेन, हे कागद खराब झाले." पेटीतून कोरे कागद काढले आणि एकेक उत्तर सुबक अक्षरात उतरवू लागला. माझी ओळ तेवढी वगळून. मी समोर उभी होते. मी म्हणाले, "साहेब, हे खोटं आहे." तो म्हणाला, "यात एक तरी उत्तर मी बदललंय का?" नव्हतं बदललं. तेवढं बोलून त्यानं पुन्हा टाक बुडवला.

तो लिहीत बसला तेवढ्या वेळात मी बायकांना गोळा केलं आणि मागच्या उन्हाळ्यात गाडीत ऐकलेलं सगळं सांगितलं. कानडी म्हाताऱ्यांना कानडीत सांगितलं. एकीनं विचारलं, "मग नारूवालीनं प्यावं काय?" त्यावर मेंढरांची बाईच बोलली, "तिची घागर दुसरीनं भरायची. म्या बसते पायरीवर. कोण चिंधी बांधून उतरतीया ते बघते."

साहेबानं आभार मानून मला गाडीनं घरी पाठवलं. चार महिन्यांत यजमानांची बदली आमच्याच जिल्ह्यातल्या, पण लांबच्या वाशीला झाली. त्यानंच करवली की नाही, कधी कळलं नाही. यजमान चिडले, "तुला काय करायचं होतं मधे?" मी भांडले नाही, पण कित्येक दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

मग रझाकारांचे दिवस आले, निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही परत नळदुर्गला आलो. एका बाजारात ती मला दिसली. काठी टेकत, डोक्यावर लोण्याची पाटी. मी हाक मारली. पहिल्या वर्षी बायका भांडल्या, शिव्या दिल्या, म्हणाली. एकीला तर तिनं काठीनं अडवलं होतं. पण बसली ती बसलीच. दोन उन्हाळ्यांत गावातला नारू उतरणीला लागला. मी विचारलं, मग पाहणीला कुणी आलं का? "न्हाय. कोण येतंय?"

मी तिचा हात धरला आणि त्या पहिल्या कागदाची माफी मागितली.

ती म्हणाली, "काय इचारायचं ते तुमच्या हातात न्हवतं, मास्तरीणबाई. लिवणं व्हतं." आवाजात राग नव्हता, पण सूटही नव्हती. मग तिनं पाटी उतरवली, मला पानावर लोण्याचा गोळा दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागली.