बयाबाईच्या हातचं पाणी

सिस्टर रेजिना १९५३ साली महाडला आल्या आणि १९६७ मध्ये बदली होऊन गेल्या. एवढा काळ त्या गावाबाहेरच्या मिशनच्या दवाखान्यात होत्या. दवाखाना कसला, कौलारू छपराखाली मोजक्या खाटा, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे रोग्यांच्या नातेवाइकांना चुली मांडायला मोकळी जागा. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांमधून माणसं रोग्याला डोलीत घालून खाली आणत, पोलादपूरला एसटीत बसवत आणि महाडला उतरवत. त्या वाड्यांमध्ये अजूनही 'शिस्टरबाय' म्हटलं की सिस्टर रेजिनाच समजायच्या. नंतर आलेल्यांना त्यांची त्यांची नावं आहेत.

त्या मूळच्या वसईच्या. नाळे गावात वडिलांचा विड्याच्या पानांचा मळा होता. घरचं नाव नातालीन. वेलीचा कोवळा शेंडा न मोडता बांधायचा कसा, हे लहानपणीच बोटांना कळलं होतं, आणि पुढे मुंबईला नर्सिंग शिकताना त्याच बोटांचं कौतुक झालं. दुसऱ्यांना शीर सापडत नसे तिथे त्यांची सुई अचूक जाई. देवाने हात दिलेत ते त्याच्या कामी लावायचे, एवढी साधी समजूत घेऊन त्या महाडला आल्या होत्या. समजूत चुकीची नव्हती. फक्त अपुरी होती, आणि ती पुरी करायला एक बयाबाई यावी लागली.

१९५८ साली, दसऱ्यानंतर, बयाबाई आपल्या सुनेला घेऊन आली. सून मैना, लग्नाला दुसरं वर्ष. नवरा येसाजी मुंबईला गिरणीत. वर वाडीत भात कापणीला आलेला, सासरा एकटा शेतात, आणि मैना तापाने अशी फणफणलेली की तिला आपलं नावही सांगता येईना. डॉक्टरांनी तपासलं आणि विषमज्वर म्हणून सांगितलं. औषध आपलं काम करील, पण खरं काम पाण्याचं. थोडं थोडं, सारखं पोटात गेलं पाहिजे, नाहीतर पोरगी राहणार नाही.

सिस्टरांनी चमचा भरला आणि मैनेच्या ओठाशी नेला. बयाबाईने त्यांचं मनगट धरलं.

"तुमच्या हातचं पानी आमाला चालत नाय."

"मावशी, ती मरेल."

"मरंल तर आपल्या जातीत मरंल. बाटून जगली तर वाडीत तिला कोन इचारनार?"

पाणी कोणाच्या हातचं, हा प्रश्न महाडला नवा नव्हता. त्यावरून या गावात माणसांची डोकी फुटली होती. नवल एवढंच की बयाबाईला सिस्टरांची सुई चालत होती. कातडीच्या आत काहीही जावं, ओठांतून मात्र नाही. माणसाने आपल्या शरीराला कुठे कुठे दारं बसवली आहेत आणि कुठल्या दारावर पहारा ठेवला आहे, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

डॉक्टर चिडले. ऐकायचं नसेल तर पेशंट घेऊन जा म्हणाले. सिस्टरही चिडल्या होत्या, आणि पुढे ही हकिकत सांगताना तो राग त्या लपवत नसत. पण मैनेची जीभ सुकून लाकडासारखी झाली होती आणि वाद घालायला वेळ नव्हता. त्यांनी चमचा बयाबाईच्या हातात दिला.

"मग तुम्ही पाजा. मी सांगते तसं."

"ह्यो तुमचा चमचा?"

"उकळत्या पाण्यात टाकलाय. नको असेल तर तुमची पळी आणा, पण तीही उकळायची."

बयाबाईने पळी आणली. पाणी स्वतः शेंदलं, स्वतःच्या चुलीवर उकळलं. सिस्टर खाटेशेजारी स्टुलावर बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून. अर्धीच पळी. मान जरा उचला. आता थांबा. गिळू दे. घाई केलीत तर ठसका लागेल. आता पुन्हा. कधी पाणी, कधी पेजेवरची निवळ, कधी मीठ-साखरेचं लिंबूपाणी. बयाबाईचा शेतात राबलेला हात आधी धसमुसळा होता, पाणी मैनेच्या गळ्यावर ओघळे. सिस्टरांची बोटं मांडीवर वळवळत. हेच काम त्यांनी किती सहज केलं असतं. करता येत असून न करणं, हे त्यांना कुठल्याच शिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. आजवर त्या प्रार्थनेत आपल्या हातांसाठी बळ मागत. आता बयाबाईच्या हातांसाठी मागू लागल्या.

दिवस जात राहिले. ताप उतरे, पुन्हा चढे. बयाबाईचा हात हलका झाला आणि तोंड मोकळं.

"लगीन नाय, पोर नाय," ती एकदा म्हणाली, "तुला गो काय ठावं सासू म्हंजे काय असते?"

"आम्हालाही आहे की सासू. तिला मदर म्हणतात. जेवायला किती वाजता, झोपायचं किती वाजता, सगळं तीच सांगते."

"आन् नवरा?"

"तो काहीच बोलत नाही."

"मंग बरा हाय," बयाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

तिसऱ्या आठवड्यात ताप गेला आणि मैनेला भूक लागली. ही भूकच घातकी. सिस्टरांनी बयाबाईला बाजूला घेऊन सांगितलं की आत आतड्याला जखमा आहेत, त्यांच्यावर दुधावरच्या सायीएवढा पातळ पापुद्रा धरलाय. भाकरीचा एक घास गेला तर तो फाटेल, आणि मग कोणाच्याच हातात काही उरणार नाही.

त्याच सुमारास येसाजी मुंबईहून आला. सिस्टर एका अडलेल्या बाईपाशी होत्या. येसाजीने खाटेवर पाहिलं ते बायकोचं सोंग होतं, नुसती हाडं. त्याला बघून मैना रडायला लागली. "एक घास द्या वो. ह्या दोगी मला उपाशी मारतात." बाजारातून आणलेली तांदळाची भाकरी आणि भाजलेलं सुकट त्याने फडक्यातून बाहेर काढलं.

"ठेव ते," बयाबाई म्हणाली.

"अगो आये, पोरगी भुकेनं मरते. दोन घासांनी काय नाय होत."

"तिच्या पोटात जखमा हायत. ओल्या हायत."

"तुला कोनी सांगितलं? त्या शिस्टरबायनंच ना? तिच्या हातचं पानी तुला चालत नाय, आन् तिचा शब्द चालतो?"

बयाबाई खाट आणि मुलगा यांच्यामध्ये येऊन उभी राहिली.

"गिरनीत तू कापडाचा साचा चालवतोस. दोरा तुटला की गाठ मारतोस. हितं गाठ नाय मारता येत. एकेक पळी मी पाजलीय तिला. घास घालायचा तर आदी मला ढकल."

येसाजीने आईला ढकललं नाही. तो बाहेर जाऊन पायरीवर बसला आणि भाकरी तशीच मांडीवर घेऊन रडला.

सिस्टर दारात येऊन थांबल्या होत्या. त्या आत गेल्या नाहीत, परत प्रसूतीच्या खोलीकडे वळल्या. त्या खाटेपाशी जे करायचं ते होत होतं, आणि ते त्यांच्यावाचून होत होतं. त्या दिवसाबद्दल त्या नेहमी म्हणत की देवाने दिलेलं सर्वांत मोठं बक्षीस मला दारात उभं राहूनच मिळालं.

पुढे दवाखान्यात रीतच पडली. जात कोणतीही असो, आधी घरच्या माणसाला उशाशी बसवून शिकवायचं. बयाबाईने मात्र दवाखान्यात कोणाच्या हातचं पाणी कधीच घेतलं नाही. सिस्टरांनीही कधी पुढे केलं नाही.

त्या वर्षीची दिवाळी झाल्यावर डॉक्टरांनी मैनेला मऊ भाताची परवानगी दिली. भात बयाबाईने शिजवला, सिस्टरांनी बोटांनी हवेत दाखवलं किती गिचका हवा ते. येसाजीने उशी लावून बायकोला बसवलं. बयाबाईने घास कालवला, उचलला, आणि मैनेच्या तोंडाजवळ नेता नेता थांबली. वाटी तिच्या मांडीवर ठेवली.

"घे. तुज्या हातानं खा."

मैनेने घास उचलला. शितं पदरावर सांडत होती. येसाजी मदतीला पुढे झाला, तसं बयाबाईने त्याला नजरेनेच बसवलं. सिस्टर स्टुलावर, बयाबाई जमिनीवर. दोघी रिकाम्या हातांनी बसून तिचं जेवण बघत राहिल्या.