पांढऱ्या रानातले टोमॅटो

अफजलपूरच्या पुढे, भीमेच्या अंगाला आमचं रान आहे. त्यातला खालचा तुकडा थंडीच्या सकाळी लांबून पाहिलं तर कुणी पीठ सांडल्यासारखा दिसतो. माझ्या लहानपणी तो काळा होता. अप्पा, म्हणजे आमचे वडील, तिथे वर्षानुवर्षं ऊस घ्यायचे. मोटर सुरू करून ते लिंबाखाली पडायचे आणि पाणी आपल्या मनाने रानभर फिरत राहायचं. त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. ते खाली मुरायचं आणि उन्हाने वर येताना जमिनीतलं मीठ घेऊन यायचं. हे मला पुष्कळ नंतर कळलं. आधी ऊस बारीक झाला, मग उगवेनासा झाला. अप्पा गेले तोवर त्या तुकड्यावर पांढरी पापडी धरली होती.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. जनवाड्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर एक पेटी आणि एक शिवणयंत्र घेऊन गावी आली. मी कलबुर्गीत शिक्षक, रविवारी एसटीने यायचो. तिने एका रविवारी मला सांगितलं, "वरचं रान तुझं तू बघ. मला खालचं दे."

"तिथं काय उगवतंय अक्का?"

"म्हणून तर मागायलेय. तिथं कुणी न्हाई."

तिने टोमॅटो आणि वांग्याची रोपं आणली आणि सरीच्या दोन्ही बाजूंच्या वरंब्यांवर, अगदी माथ्यावर लावली. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा ओळीच्या ओळी वाळून उभ्या होत्या आणि अक्का त्यांच्यामध्ये उकिडवी बसून मातीचं ढेकूळ जिभेला लावून बघत होती.

"सोड आता हे," मी म्हणालो.

"खारट हाय," ती म्हणाली. "पण सगळीकडं सारखं न्हाई. हे बघ."

वरंब्याची एक बाजू ढासळली होती आणि एक रोप घसरून उतारावर, पाण्याच्या वर वीतभर अंतरावर अडकलं होतं. त्याला नवं पान फुटलं होतं. तिने माथ्यावरची माती मला चाखायला लावली, मग त्या रोपाजवळची. पहिलीने तोंड वाकडं झालं. दुसरी नुसती माती होती. पाणी चढत चढत माथ्यावर जाऊन सुकत होतं आणि मीठ तिथेच ठेवत होतं.

खालचा तुकडा मातीसाठी देतो, असा शब्द मी आधीच एका वीटभट्टीवाल्याला देऊन बसलो होतो. त्या दुपारी मला ते पोटात ठेववेना. मी सांगून टाकलं.

अक्काने हातातलं ढेकूळ चुरून टाकलं. "ठाऊक हाय मला. तो आधी माझ्याकडंच आला होता. मी त्याला म्हणलं, भाऊ सांगंल तसं."

"मग मला कामून विचारलं न्हाईस?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. त्याच संध्याकाळी मी भट्टीवाल्याला नाही म्हणून कळवलं.

नंतरचं वर्ष मला सलग आठवत नाही, झोपेत पाहिल्यासारखं आठवतं. रानाच्या खालच्या कडेने आम्ही ओढ्यापर्यंत चर खणला. पावसाळ्यात त्यातून गढूळ पाणी वाहत गेलं आणि अक्का रोज त्याची चव घ्यायची. मग हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला, कमरेएवढा वाढल्यावर मातीत गाडला. थंडीच्या सुरुवातीला ती ओसरीवर एका वाडग्यात टोमॅटोचं बी भिजवून बसली होती. पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं होतं.

"हे काय करायलीस?"

"बियाला सांगायलेय, पुढं काय हाय ते."

रोपं या वेळी वरंब्याच्या बगलेत लावली. उसाचं पाचट अंथरून माती झाकली. एक दिवसाआड सकाळी थोडंथोडं पाणी, कधी चुकवायचं नाही. माती कोरडी पडली की मीठ मुळाला धरतं, असं ती म्हणायची. सुटीला मुक्कामी आलो की मी पाचटाच्या ढिगावर आडवा व्हायचो. नदीवरचं धुकं रानात शिरलेलं असायचं, आणि त्या धुक्यापलीकडून सोलापूरला जाणाऱ्या गाडीचा आवाज यायचा, गाडी मात्र दिसायची नाही. पौर्णिमेला अक्का पांढरी साडी नेसून विहारात जायची. जाता जाता रानात वळायची. पांढऱ्या जमिनीवर, पांढऱ्या धुक्यात तिची साडी विरघळून जायची आणि नुसते दोन हात ओळीतून फिरताना दिसायचे, पानं उलटून बघणारे. मला वाटायचं, मी हाक मारली तर हेही नाहीसं होईल. मी हाक मारली नाही कधी.

वांगी साधली नाहीत. टोमॅटोची निम्मी झाडं टिकली. ती बुटकी राहिली, पानं जाडसर, फळं लिंबाएवढी. मी पहिलं फळ पुसून खाल्लं आणि तसाच उभा राहिलो. इतका गोड टोमॅटो मी खाल्ला नव्हता. अक्काने दुसरं फळ तोडून अर्धं खाल्लं, उरलेलं हातात धरून बघत राहिली.

बाजारात आम्ही दोन टोपल्या घेऊन बसलो. आकार बघून लोक पुढे जात होते. मग एका म्हाताऱ्या बाईने एक चाखला, आणखी एक चाखला, आणि कन्नडमध्ये विचारलं, याला घातलंस तरी काय?

"उप्पु," अक्का म्हणाली. मीठ.

बाईला थट्टा वाटली. हसत हसत तिने ओटी भरून टोमॅटो घेतले आणि पलीकडच्या बाईला बोलवायला गेली.

नदीकडचा कोपरा अजून पांढराच आहे. तिथे बीट आणि पालक तेवढे तग धरतात. यंदा अक्काने आपल्याच टोमॅटोचं बी धरलंय, सगळ्यात बुटक्या झाडाचं. उंच झाडाचं का नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, ते झाड बांधाजवळ होतं, त्याला गोडं पाणी मिळालं. याला नाही मिळालं. मग चाळणीतलं ओलं बी तिने कागदावर बोटाने पसरलं आणि मला म्हणाली, "वारं यायलंय. दार लोटून घे."